पाणी किती पावलांवर?

ही गोष्ट रचलेली नाही. देविदास अजून तांड्यावरच राहतो, आणि ही हकिकत सांगताना विहिरीकडं पाठ करून बसतो.

मे २००४. हिंगोलीचं सिद्धेश्वर धरण. रात्र नव्हे... भर दुपार.

त्या साली धरण इतकं आटलं, की बुडालेला जुना तांडा वर आला. चुली, उंबरे... आणि हरिचंद खलाशाचं थडगं.

हरिचंद म्हणजे देविदासच्या आजीचा, पारुबाईचा भाऊ. पोरवयात मुंबईला पळाला, बोटीवर लागला. सत्तेचाळीस साली रामदास बोट बुडाली तेव्हा तो तिच्यावर होता. वाचला. समुद्रापासून लांब म्हणून तांड्यावर परतला. मरताना बहिणीचा हात धरून एवढंच म्हणाला, "पारू, मला पाण्यात ठेवू नको."

लग्न झालेलं नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणं पुरला.

मग धरण झालं. पाणी त्याच्यावर चढलं.

तेव्हापासून पारुबाईला धड झोप नव्हती. आता पावसाच्या आत त्याला उकरून टेकडीवर न्यायचं होतं.

पाणी : दोनशे पावलं

आजीला लांबचं दिसत नव्हतं. "देवा, मोजून ये. पाणी किती लांब हाय?"

देविदास मोजून आला. दोनशे.

चुलतभाऊ रणजीत हसला. "आजी, ज्याला समुद्रानं गिळलं न्हाई, त्याला हे डबकं काय करतंय?"

"तू खांद. तोंड चालवू नको."

पाणी : नव्वद पावलं

गुडघाभर गाळ निघाला.

"परत मोज."

"काहून? पाणी चालत येऊन राहिलं का?" रणजीत म्हणाला.

देविदासनं मोजलं. पुन्हा मोजलं. नव्वदच.

वारा नव्हता. लाट नव्हती.

मघापासून ओरडणाऱ्या टिटव्या... गप्प होत्या.

पाणी : बारा पावलं

रणजीत आता हसत नव्हता.

हाडं लागली. आजीनं ती पांढऱ्या धोतरात बांधली. तेवढ्यात खड्ड्याच्या तळाला पाणी पाझरलं. एक थेंब देविदासच्या ओठावर उडाला.

खारट.

हिंगोलीत... समुद्राचं पाणी?

"उठा! चला इथनं!" आजी ओरडली.

पाणी : दिसत नाही

टेकडी. कोरडा मुरूम. दिवस अजून वर होता.

नव्या खड्ड्यात हाडं ठेवून तो बुजवला. कितीतरी वर्षांनी आजी हसली. "आता कोरडा झोप रे, भावा."

आणि देविदासनं प्यायला आणलेला तांब्या उचलला. माणूस पुरला की वर पाणी घालायचं, रीतच ती. हात सवयीनं चालला.

"न्हाई, देवा!"

ओतून झालं होतं.

मुरमानं पाणी प्यायलं नाही. ते वरच उभं राहिलं... थरथरलं.

आणि खालून खोकला आला.

नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाचा.

एकदा... दोनदा...

मग काहीच नाही.

पाणी :

आजी त्याच पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत देविदासशी बोलली नाही. रणजीत जवळा बाजार गावात राहायला गेला. तांड्यावर फिरकत नाही.

देविदास मात्र दर उन्हाळ्यात टेकडीवर जातो. सगळीकडं फुफाटा असतो, एकच जागा ओली असते. पहिली काही सालं ती थडग्यावरच होती. गेल्या साली ओल पायथ्याला उतरली.

तिथून त्याच्या उंबऱ्यापर्यंत त्यानं मोजलं.

एकशे साठ पावलं.

यंदा मे लागलाय. बायको दोनदा म्हणाली, "जाऊन बघा की."

तो अजून गेलेला नाही.

काल सकाळी उंबरा ओला होता. बायको म्हणते, तिनं सडा टाकला होता.

देविदासनं बोट लावलं...

चाखलं नाही.