नटीचा खडक

आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. मासे मिळतील का, आणि समुद्र किती लांब? रेवदंड्याच्या आमच्या वाडीतली मागची खोली मी भाड्याने देते. मासे मिळत नाहीत, कारण मला करता येत नाहीत; आणि समुद्र पोफळींच्या पलीकडेच आहे, गाज ऐकू येतेच की. हे सांगून सांगून माझा जबडा दुखतो. यशोधनने मात्र पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "काकू, कोर्लईचा किल्ला डाव्या हाताला आणि समोर पाण्यात एकटा काळा खडक, अशी जागा आहे का इथे?"

"आहे की. वाडीतून बाहेर पड आणि नाकासमोर चाल," मी म्हटलं. "पण ओहोटीला जा. भरतीला खडक बुडतो."

पोराचा चेहरा असा उजळला, की लॉटरी लागली म्हणावं.

तो मुंबईचा, तिशीतला, जुन्या मूकपटांचा अभ्यास करणारा. सिनेमा बोलायला लागला त्याच्या आधीचा एक तुकडा त्याला सापडला होता, जेमतेम चार मिनिटांचा. मधल्या मजकुराच्या पाट्या गेलेल्या, कंपनीचं नाव गेलेलं, नटांची नावं तर कोणी लिहिलीच नव्हती. मूळ रीळ मुंबईत थंड पेटीत. ते म्हणे नीट नाही ठेवलं तर आपोआप पेट घेतं. त्याची नक्कल लॅपटॉपवर घेऊन हा जागा शोधत फिरत होता.

मी अलिबागच्या कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलला तेवढंच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, अशी माझी सगळी नोकरी गेली. म्हणून हेही घडलं तसंच सांगते. अर्थ विचारू नका, तो मला माहीत नाही.

आरोही माझी मुलगी. नाव ठेवलं तेव्हा तिला ऐकू येत होतं. चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला; ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. लोक म्हणाले, खुणांची शाळा बघा. मी हट्टाला पेटले, माझी मुलगी बोलणारच. आरसा समोर धरून एकेक अक्षर तिच्या तोंडात घातलं. एकट्या 'क'ला अख्खा पावसाळा गेला. 'र' अजून अर्धाच येतो. बोलायला लागली, पण आवाज फळीसारखा सपाट. अनोळखी माणसाला दोनदा विचारावं लागतं. मला त्या आवाजाहून प्यारं जगात काही नाही. पण खोटं कशाला बोलू, तो एकदा तरी वर चढावा असं मला रोज वाटायचं.

ओठ मात्र ती अशी वाचते, की बाजारात कोणाची कुजबुज सुटत नाही. "काय म्हणालीस ते दिसलं नाही," असं म्हणते. बोलणं तिला दिसतं. अलिबागला लग्नाच्या फोटोवाल्याकडे फोटो सुधारायचं काम करते, त्यामुळे नजरही तयार.

त्या दिवशी यशोधन ओटीवर लॅपटॉप उघडून बसला होता. आरोही त्याला चहा द्यायला गेली आणि कप हातात तसाच धरून हसायला लागली.

"आई, ही राजकन्या शिव्या देतेय!"

मी ओले हात पुसत गेले. पडद्यावर आपलाच किनारा, मागे कोर्लईचा डोंगर. खडकाला पाठ लावून एक राजकन्या उभी. जरीची साडी, मुकुट, नाकात एवढी मोठी नथ आणि गळ्यात मोत्यांच्या माळांमागे वरखाली होणारा कंठमणी. बाप्याच होता तो.

"तेव्हा बायका मिळायच्या नाहीत कामाला," यशोधन म्हणाला. "समुद्रदेवाला राजकन्येचा बळी द्यायचाय, असा काहीतरी प्रसंग असावा. बघा, दोराने बांधलंय. आरोही, तुला कळतंय तो काय बोलतोय ते?"

आरोहीने खुर्ची ओढली. पडद्यावरच्या ओठांबरोबर बोलायला लागली.

"च्यायला, आटपा की लवकर. कालवांच्या शिंपा कापतायत पायाला. नथ तरी सैल करा रे."

यशोधन टाळी देऊन हसला. मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आनंदाने. 'च्यायला' लांबलं होतं. 'लवकर'वर जोर पडला होता. शेवटचा 'रे' वर चढून लाडात खाली आला होता. सत्तावीस वर्षांत आरोहीचा आवाज असा कधी हलला नव्हता.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

त्याने लावलं. मग पुढचंही लावलं.

पुढचं तसं नव्हतं. पाणी गुडघ्यावर आलं तशी राजकन्या खांदे हलवायला लागली. "बास झालं. सोडा आता," आरोही त्याच्या ओठांबरोबर बोलत गेली. पाणी मांडीवर आलं. "गाठ ओली झाली, मला सुटत नाही. ए, हँडल थांबव. दोर सोडा रे!" यशोधनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तेव्हाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा; फिरवणारा किनाऱ्यावर, वारा समोरून, लाटांचा खळखळाट. त्याला शब्द ऐकू आला नसणार. त्याला वाटलं असेल, काय काम करतोय पठ्ठ्या!

पाणी हनुवटीला लागलं. एक लाट आली. ती ओसरल्यावर मुकुट खडकाला घासत तरंगत होता, आणि हँडल तरीही थोडा वेळ फिरत राहिलं होतं.

"अभिनय नाहीये हा," यशोधन हळूच म्हणाला. "शंभर वर्षं कोणाला कळलंच नाही."

मी काय म्हणायला हवं होतं? बंद कर, मेलेल्या माणसाचा तमाशा नको. मला ते कळत होतं. पण माझी मुलगी आत्ता ओरडली होती, ऐकू येणाऱ्या बाईसारखी, आर्त. मी आई आहे. मला त्या नटापेक्षा तो आवाज मोठा वाटला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मीच म्हटलं, "यशोधन, लाव बरं ते जरा."

मग ते रोजचंच झालं. त्याला प्रत्येक शब्द पक्का हवा होता, मला आरोहीचा आवाज हवा होता. आरोहीला काय हवं होतं ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

एकदा जेवताना ती मीठ मागत होती म्हणे. मला ऐकू आलं नाही. मिक्सर चालू होता, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. मग फोटोवाल्याचा निरोप आला, आरोहीला सर्दी आहे का, बोलणं फार बारीक येतं. मी हळदीचं दूध दिलं. संध्याकाळी लॅपटॉपसमोर मात्र तिचा आवाज पोफळीत घुमला. मला ते खटकलं, तरी मी म्हटलं, पुन्हा लाव.

नारळ काढायला सदू आला होता. वर झाडावरून त्याने ते ओरडणं ऐकलं आणि अर्धा माड सोडून खाली उतरला.

"वैनी, काय चाललंय ह्ये?"

मी लॅपटॉप दाखवला. त्याने पडद्यावरचा खडक बघितला आणि कोयता कमरेला लावला.

"नटीचा खडक हाय त्यो. पयले शूटिंगवाले आलते, तवा नटी बुडाली तितं. आजा सांगायचा."

"हाका मारते काय तुमची नटी?" मी जरा चेष्टेनेच विचारलं.

"न्हाय वैनी. हाका मारील तर बरं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "उधाणाला होडीवरनं दिसते म्हनतात. नुसतं तोंड हलतं. आवाज न्हाय तिला."

उरलेले नारळ न काढताच तो गेला. मला रागच आला त्याचा.

त्याच दुपारी यशोधनने एक जागा थांबवून दाखवली. नट दोराची गाठ बघायला पूर्ण वळला होता. पडद्यावर नुसती पाठ आणि ओला अंबाडा. आरोहीने तिथलंही सांगितलं होतं: "तिकडे कोण उभं आहे? तुम्ही तरी सोडा."

"आरोही," मी तिचा खांदा धरून तिला माझ्याकडे वळवलं, "इथे तोंड कुठाय? तुला दिसलं कसं?"

ती गोंधळली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "दिसलं नाही. ऐकू येतं."

हे शेवटचे दोन शब्द म्हणताना तिचा आवाज इतका बारीक होता, की मी तिच्या तोंडाजवळ कान नेला.

मी यशोधनला सांगितलं, आजच्या आज निघ. तो माझ्यापेक्षा घाबरला होता. लॅपटॉपवरून ते पुसून टाकलं माझ्यासमोर, आणि अलिबागची एसटी पकडली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आरोही घरात नव्हती.

मी अनवाणी धावले. अमावास्येचं उधाण होतं, पाणी भराभर चढत होतं. ती खडकाला पाठ लावून उभी होती. कमरेपर्यंत पाणी. दोर नव्हता, काही नव्हतं. पण हात असे मागे धरलेले, की जणू सोडवता येत नाहीत.

तोंड हलत होतं. मोठं उघडत होतं. मी म्हटलं, लाटांमुळे ऐकू येत नाहीये.

जाळं आवरत बसलेला सदू आणि मी पाण्यात शिरलो. तिला ओढताना सदू ओरडला, "सुटत न्हाय वैनी, अडकलंय कशात तरी!" कशातच अडकलं नव्हतं. मी पाण्याखाली हात घालून चाचपलं. तरी एक हिसका बसला आणि मगच ती आमच्या अंगावर आली.

किनाऱ्यावर आणलं. तिचं तोंड अजून हलत होतं. इथे लाटा नव्हत्या.

आवाज नव्हता.

अलिबागच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून घसा बघितला. सगळं चांगलं आहे म्हणाले, धक्का बसला असेल, येईल हळूहळू. पाटी आणून दिली तर आरोही माझ्याकडे बघते, ओठ हलवते आणि पाटी बाजूला ठेवते. तिला वाटतं ती बोलतेय. मी का उत्तर देत नाही, म्हणून रुसते. तिला कसं सांगू? एकेक अक्षर मी घातलं होतं त्या तोंडात. मला ओठ वाचता येत नाहीत. मला कधी गरजच पडली नव्हती.

आज सकाळी यशोधनचा फोन आला.

"काकू, मूळ रिळाची नवी नक्कल काढली मी. त्यात आवाज आहे."

"मूकपटात?"

"त्यावर आवाजाची पट्टीच नाही. असूच शकत नाही. तुम्ही ऐका."

त्याने फोन तिथे धरला. लाटा नाहीत, वारा नाही. नुसता एक आवाज.

"दोर सोडा रे."

सपाट. फळीसारखा. 'र' अर्धाच.

तो 'र' मी घडवलेला आहे. लाखात ओळखेन.

आरोही समोर ओटीवर बसली होती, पाय खाली सोडून, उन्हात. मी फोन कानाला तसाच धरून तिच्यासमोर गेले. माझे ओठ तिला नीट दिसावेत म्हणून खाली बसले.

"आरोही, बाळा, काय होतंय तुला?"

तिने हनुवटी उचलली. जाईल तितकी वर.

तिचे ओठ हलले.

"आई, पाणी गळ्याशी आलं," फोनमधून उत्तर आलं.