हातभर अंतर

जळगाव-धुळे एस.टी.त पारोळ्याच्या पुढे सिग्नल गेला, आणि मृणाली फोन कानात खुपसून ओरडू लागली. शेजारच्या सीटवरच्या प्रशीलला राहवलं नाही.

"जरा लांब धरा ना… सिग्नल कमी असला की फोन जास्त जोर लावतो. तो सगळा तुमच्या डोक्याला."

"तुम्ही कोण — टॉवरचे जावई?"

तो धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. ती जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळीचा ओलावा तपासायची. धुळं येईपर्यंत तिने फोन पर्समध्ये ठेवला होता, आणि त्याचा नंबर फोनमध्ये.

मग रोज संध्याकाळी बोलणं. प्रशीलच्या घरी राउटर खाटेपासून लांब, काम नसलं की बंद. मोबाइल उशाशी नाही, खिशात नाही. बोलायचं तर टेबलावर, हातभर लांब, स्पीकर लावून. सगळं शहाणपणाचंच होतं. फक्त टेबलापलीकडे त्याची आई, लिलाबाई, मेथी निवडत बसायची.

"तुला ना, भेटावंसं…" मृणाली सुरुवात करायची.

"बोल ना माय, बठ्ठं आयकू येस," लिलाबाई प्रेमाने सांगायची, सगळं ऐकू येतंय म्हणून.

"…तुरीला यंदा ओल फार आहे," मृणाली वाक्य पुरं करायची.

वर्षभर अशी डाळच शिजली. पण ती हसली की टेबल बारीक थरथरायचं, आणि प्रशील हळूच त्यावर बोटं टेकवून ठेवायचा.

एका रविवारी भरदुपारी तिचा फोन आला.

"प्रशील, आज कानाला लाव. एकच वाक्य आहे."

"थांब, वायरचा हेडफोन शोधतो —"

"वेळ नाही रे."

"अगं, सिग्नलची एकच काडी दिसतेय. अशा वेळी कानाला लावणं म्हणजे…"

हेडफोन सापडला. त्याचा गुंता सुटेपर्यंत पलीकडचा आवाज बदलला होता.

"असू दे. जेवलास का?"

दोन महिन्यांनी ती धुळ्याच्या स्टँडवर भेटली. हातात पत्रिका — स्वतःच्या लग्नाची. नवरदेव रविंद्र जळगावच्या गाडीत जागा धरायला गेला होता.

"त्या रविवारी मला बघायला आलेले पाहुणे बाहेर बसले होते," ती पत्रिकेची कड दुमडत म्हणाली. "बाबा म्हणाले, हो की नाही ते आत्ता सांग. मला एवढंच विचारायचं होतं — तू मागणी घालशील का?"

"मग स्पीकरवर विचारायचंस!"

"तुझ्या आईसमोर? आणि तू नाही म्हणाला असतास तर?"

कंडक्टरने घंटी मारली. ती पळाली.

गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा प्रशीलने नंबर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा फोन कानाशी घट्ट दाबला. काच गालाला गरम लागली.

"बोल." तिचा आवाज… श्वासासकट, अगदी कानात. एवढं जवळ असतं हे? वर्षभर त्याने हे हातभर लांब ठेवलं होतं.

"मृणाली, मी तेव्हा —"

"स्पीकरवर आहे हं," ती घाईने म्हणाली. "तुझीच सवय लागली. रविंद्र आहेत शेजारी."

गाडीची घरघर ऐकू येत राहिली. फोन कानापासून न हलवता त्याने विचारलं,

"जेवलात का… दोघं?"