बांधातला निळा दोर

भुताटकी रात्रीचीच असते असं म्हणणाऱ्यांनी मद्रासची कत्तिरी बघितलेली नाही. मे महिन्यातलं ते ऊन. भर दुपारी कावळाही ओरडत नाही, सावली पायाखाली येऊन बसते आणि माणूस आपल्याच पावलांचा आवाज ऐकून मागे वळून बघतो. दिवा जरा मोठा करा आणि मध्ये बोलू नका.

सुनामीनंतरचं दुसरं वर्ष. तांबरमच्या पलीकडे, टेकडीच्या पोटाशी एक चांदमारी होती. सकाळी जवान येऊन गोळ्या झाडायचे. ऊन चढलं की निशाण पाण्यासारखं हलायला लागायचं. मग लाल झेंडा उतरायचा आणि सगळे ट्रकात बसून निघून जायचे. मागे उरायचा संताजी. साताऱ्याकडचा, फौजेतून सुटलेला, गुडघे गेलेला, तोंडाचा फटकळ. चांदमारीचा चौकीदार.

चौकीदारी कसली, चोरांशी हुज्जत. निशाणांच्या मागे मातीचा उंच बांध असतो. झाडलेली गोळी त्यात घुसून बसते. वर्षानुवर्षांचं शिसं, तांबं, पितळ. त्या साली पितळेला असा भाव आला होता की देवळातल्या घंटांनासुद्धा साखळ्या घातल्या होत्या. शेजारच्या वस्तीतली माणसं दुपारी येऊन बांधात बिळं खणायची. त्यांची रीत ठरलेली. नवरा पायाला दोर बांधून पोटावर आत सरकायचा, बायको बिळाच्या तोंडाशी दोर धरून बसायची. कोणी आलं की दोन झटके. आतला उलटा सरकत बाहेर आला की दोघं काटेरी बाभळीत पसार. संताजी शिट्टी फुंकून फुंकून थकला. त्याच्या शिट्टीला घोरपडसुद्धा हलत नव्हती.

शेवटी सुभेदारसाहेबांनी बोलावून सांगितलं, "शनिवारी वरचे साहेब येणार आहेत. बांधात एक बीळ जरी दिसलं, तर रविवारी खोली रिकामी करायची."

खोली म्हणजे बांधाच्या अलीकडची पत्र्याची चौकी. दुसऱ्या कोणाला ती फुकटसुद्धा नको झाली असती. पण जयवंती तिथं राहत होती. संताजीची बायको. साखरेनं तिचे डोळे गेले होते. कॉटपासून दारापर्यंत, दारापासून पायरीखालच्या नळापर्यंत संताजीनं काथ्याचा दोर बांधला होता. तो धरून ती सगळं करायची. भात लावायची, कपडे वाळत घालायची, संध्याकाळी तुळशीला पाणी. दोराच्या टोकाला घुंगरू होतं. नवरा हवा असला की ती दोन झटके द्यायची. एक जोरात, एक हळू.

"आधी हाक मारतेस, मग माफी मागतेस," संताजी म्हणायचा.

"तुमचा राग कोण सोसणार?" ती म्हणायची.

मुलगा मकरंद इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात होता. एका खोलीत सहा पोरं. तिथं कुठं नेणार? ही खोली गेली तर जयवंती दुसऱ्यांदा आंधळी होणार, हे संताजीला दिसत होतं. म्हणून शुक्रवारी दुपारी त्यानं फावडं खांद्यावर टाकलं, बाभळीसाठी कोयता कमरेला खोचला आणि बिळं बुजवायला निघाला.

"ऊन उतरू द्या की," जयवंती म्हणाली.

"ऊन उतरेल, साहेब नाही उतरायचा. तू दार लावून घे."

बांधाशी पोचेपर्यंत बनियन पाठीला चिकटला. हवेत जळक्या बारुदाचा वास होता. त्याच्या आड दुसरा एक वास होता, बंद माठातल्या शिळ्या पाण्यासारखा. चार-पाच बिळं त्यानं बुजवली. मग टोकाचं मोठं बीळ आलं, आणि संताजी थांबला.

बिळातून निळा नायलॉनचा दोर बाहेर आला होता. तोंडाशी कोणी नव्हतं. चपला नव्हत्या, जेवणाचा डबा नव्हता, मातीवर पावलंही नव्हती. नुसता दोर, ताणलेला.

'बायको पळाली वाटतं,' संताजी मनात म्हणाला. 'गडी आत आहे. सापडला एकदाचा.' त्यानं दोरावर पाय दिला आणि बिळात तोंड घालून ओरडला, "वेलिये वा डा! बाहेर ये, चोरा!"

आत काहीच हललं नाही.

संताजीनं दोर हातात घेऊन दोन झटके दिले.

आतून दोन झटके आले. सारखेच. दोन्ही जोरात.

"खेळ करतोस काय माझ्याशी?" म्हणत त्यानं टाच रोवली आणि दोर ओढला. पलीकडे वजन होतं. थोडं आलं... आणखी थोडं... आणि बिळाचं छत खाली आलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. कोणी झोपेत कूस बदलावी तेवढाच. धूळ उडाली, आणि बिळाच्या जागी सैल मातीचा उतार उरला. त्यातून निळा दोर बाहेर आलेला.

दोरानं झटके दिले. दोन. थांबून पुन्हा दोन.

संताजीनं फावड्यानं माती ओढली. जेवढी ओढली तेवढी वरून आली. फावडं टाकून तो हातांनी उकरायला लागला. नखं फुटली. "थांब रे, थांब, काढतो तुला," तो मराठीतच पुटपुटत होता. मग उठून फाटकापलीकडच्या ऑफिसकडे धावला. तिथं फोन होता, माणसं होती.

वाटेत चौकी दिसली. पायरीवर जयवंती बसली होती. एका हातात काथ्याचा दोर, दुसऱ्या हातानं सुपातले तांदूळ निवडत होती. दिसत नव्हतं तरी खडा बरोबर तिच्या बोटाला लागायचा.

संताजी थबकला. बांधात माणूस दबलाय म्हणून सांगितलं की पोलीस येणार, साहेब येणार, आणि संध्याकाळच्या आत जयवंती रस्त्यावर. न सांगितलं तर... कोणी बघितलं होतं? चोरच होता. आणि माती एवढी, की माणसं येईपर्यंत तो जिवंत तरी राहणार होता का?

तो परत फिरला.

दोर अजून झटके देत होता. हळू झाले होते, पण दोनच. संताजीनं कोयता काढला. एक घाव घातला आणि तोंड फिरवलं. फिरवायला नको होतं असं त्याला वाटलं, म्हणून पुन्हा बघितलं. कापलेलं टोक मातीत शिरत होतं. घाई नव्हती त्याला. वाटीतून शेवई ओढावी तसं गेलं.

मग त्यानं वर माती लोटली, फावड्यानं थोपटली. बीळ बुजलं. साहेबांचा हुकूम पाळला.

ऊन कलल्यावर ऑफिसच्या स्टोअरचे व्यासराजराव मोपेड ढकलत आले. तंजावूरकडचे मराठी. पोथीतल्यासारखं बोलायचे, हेल मात्र तमिळ.

"काय हो संताजीराव, एकटेच माती ओढूलालांत? ह्या उन्हांत?"

"चोरांची बिळं बुजवतोय."

"कोठले चोर? सोमवारींच पोलीस येऊन सगळ्यांस घेऊन गेले की. वस्तींत एक गडी उरला नाही. बायका तेवढ्या रडूलाल्यात."

संताजीनं फावडं खाली टेकवलं. "मग दोर कुणाचा?"

"कसला दोर?"

"निळा..."

व्यासराजरावांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. मग त्या थोपटलेल्या मातीकडे बोट केलं.

"तुम्ही यायच्या पूर्वींचें आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "एक जण आंत दबला. बायको बोंबलत हापिसांत आली, तर तिलाच हाकलून दिलें. मग वास सुटला, तेव्हां खणलें. माणूस निघाला. पायाचा दोर नाही निघाला. ओढला तेवढा येतच राहिला, अण्णा. शेवटीं कापून टाकला."

"दुसऱ्या टोकाला काय होतं?"

"तें पाहायला कोणी थांबलें नाही." मग एकदम वळून म्हणाले, "तुम्ही कापला नाहीत ना?"

"नाही," संताजी म्हणाला.

घरी आला तेव्हा अंधारून आलं होतं. नळावर हात धुतले, तरी ते माठातल्या पाण्यासारखे वास मारत राहिले. आत दिवा नव्हता. जयवंतीला दिव्याचं काय काम? संताजीनं बटण दाबलं.

ती कॉटवर बसली होती. पाय खाली सोडलेले. उजव्या घोट्याला निळा दोर बांधला होता.

"आलात?" ती हसून म्हणाली. "किती वेळ ओढताय हो? आले म्हटलं ना. हात धुऊन येते म्हटलं."

"जयवंती... हे कुणी बांधलं?"

"अहो, तुम्हीच की. दुपारी आलात, पायाशी बसलात, बांधून गेलात. हात किती गार होते तुमचे! मातीनं नुसते भरलेले. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, रागावलात."

संताजी गुडघ्यावर बसला. गाठ वाळलेल्या चिखलानं दगड झालेली. नखं फुटलेल्या बोटांनी ती सुटेना. दोर कॉटवरून दाराकडे गेला होता, काथ्याच्या दोराला अगदी लागून. संताजीनं कोयता उचलला, आणि व्यासराजराव आठवले. हात खाली आला.

"पाय हलवू नकोस," तो म्हणाला. "कॉट घट्ट धर. कोणी ओढलं तरी उठायचं नाही. मी आलोच."

दोरावर हात ठेवून तो बाहेर आला. दोर पायरी उतरला, नळाच्या पुढे गेला आणि अंगणात, टणक जमिनीत सरळ खाली गेला. तिथं बीळ नव्हतं, भेगसुद्धा नव्हती. रोप लावावं तसा तो जमिनीतून उभा होता.

दोन झटके आले. दोन्ही जोरात.

"आले हो..." मागून जयवंतीचा आवाज आला. मग काहीच नाही.

"जयवंती!"

तो आत धावला. कॉट रिकामी होती. चादरीवर ती बसल्याचा खळगा तसाच होता, हात लावला तर ऊब होती. जमिनीवर निळ्या दोराचा फास पडला होता, बायकी घोट्याएवढा. गाठ सुटलेली नव्हती.

संताजी कॉटखाली वाकला, मोरीत बघितलं, अंगणभर ओरडत फिरला. काथ्याचा दोर धरून नळापर्यंत गेला आणि परत आला. मग निळ्या दोरापाशी गुडघे टेकून बसला. कोयता हातातच होता.

तेव्हा जमिनीतून झटके आले.

एक जोरात. एक हळू.

संताजीनं कोयता अंधारात भिरकावून दिला, दोर दोन्ही मुठींत धरला आणि ओढायला लागला. दोर आला. कोरडा, स्वच्छ, मातीचा कणही न लागलेला. आणखी आला. आणखी... मांडीवर त्याचा ढीग पडला, पायांवर पडला, नळापर्यंत पसरला. ओढला तेवढा येतच राहिला. मध्येच तो थांबायचा, कान जमिनीला लावायचा, आणि तळहातात ते पुन्हा यायचं.

एक जोरात. एक हळू.