शेरा नसलेला नियम

आमच्या ऑफिसात एक शिस्त होती, आणि ती दाजींनी लावलेली होती. फायरवॉलमध्ये नवा नियम टाकला की शेजारच्या रकान्यात शेरा लिहायचा: कुणी टाकला, का टाकला. शेरा नसलेला नियम म्हणजे बेवारस पोर, असं ते म्हणायचे. मी कंटाळा करायचो आणि ते माझे शेरे निमूटपणे पूर्ण करायचे.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. नाकासमोर चालणारा माणूस. मला या धंद्यात त्यांनीच आणलं आणि स्विच, राउटर, केबलचा गुंता हाताला धरून शिकवला. फायरवॉल हा फाटकावरचा वॉचमन, हे त्यांचं पहिलं वाक्य. त्याच्याकडे नियमांची यादी असते, ती तो वरून खाली वाचतो आणि पहिला नियम लागू पडला की पुढचे बघतच नाही. त्यामुळे योग्य नियम चुकीच्या जागी टाकला, तरी घात होतो.

तो घात मी केला. सहा वर्षांपूर्वी, दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी.

कंपनी औषधं साठवते. लसींची एक थंड खोली आहे. तिचं तापमान वाढलं की मीटर नेटवर्कवरून ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनवर इशारा पाठवतो. त्या दुपारी दाजींना गोदामात बोलावलं होतं. घरचा माणूस बसलाय म्हणून ते स्क्रीन उघडी टाकून गेले. मी त्यांच्या लॉगिनमधून एक ‘अडवा’ नियम टाकला. यादीच्या तळाशी टाकायचा तो सर्वांत वर बसला. शेरा लिहिला नाही. दोनच्या सुमारास खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला, आणि इशारा वॉचमनने फाटकावरच अडवला. साडेचारला कुणीतरी दार उघडलं, तेव्हा आतून कोमट हवा आली. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या.

नोंदीत नाव दाजींचं होतं. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “मी हा नियम टाकताना तू पाहिलंस का रे?”

“नाही दाजी. मी जेवायला गेलो होतो.”

माझा डबा टेबलावर तसाच बंद होता. त्यांचं तिकडे लक्ष गेलं की नाही, मला अजून माहीत नाही. “मग मीच टाकला असेन,” ते म्हणाले. “आठवत नाही.”

त्यांची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. घरी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवू लागले. तीन वर्षांनी गेले. ऑफिसातली त्यांची खुर्ची मात्र नोकरी जाताच मला मिळाली होती, आणि पहिल्या दिवशी मी तिची उंची माझ्या मापाची करून घेतली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात एका सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीने मला हाक मारली. तिला सगळे तपासनीस म्हणतात, कारण कुलूप लावल्यावर ते पुन्हा ओढून पाहणाऱ्यांतली ती. थंड खोलीचा रोजचा चाचणी-इशारा आला नव्हता. यादीच्या अगदी वर एक ‘अडवा’ नियम बसला होता. वेळ एक बावीस. शेरा रिकामा. लॉगिन दाजींचं.

ते लॉगिन मी स्वतः सहा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. जुना बॅकअप कुणीतरी चढवला असेल, असं मी तिला सांगितलं. बॅकअप तपासले, सगळे पासवर्ड बदलले. मंगळवारी एक बावीसला नियम परत आला.

तो कुठून टाकला गेला, हे नोंदीवरून शोधता येतं. माग स्विचच्या चौदा नंबरच्या पोर्टपर्यंत गेला. दाजींच्या जुन्या टेबलाची केबल तिथे असायची. ते टेबल कधीच हलवलंय, केबलही निघालीय. मी सर्व्हर रूममध्ये गेलो. पंखे घुमत होते, तापलेल्या धुळीचा वास येत होता. चौदाच्या रिकाम्या भोकावर हिरवा दिवा लुकलुकत होता. आत बोट घालून पाहिलं. काही नव्हतं, फक्त ऊब होती.

मी तो स्विच काढून खोक्यातला कोरा बसवला. बुधवारी त्याच्याही चौदावर दिवा लागला.

गुरुवारी नियमाला शेरा होता.

“हा मी टाकला का?”

तपासनीसने तो वाचला आणि कुणीतरी थट्टा करतंय म्हणाली. मी हसलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शुक्रवारी शेरा थोडा लांबला होता.

“मी टाकताना कुणी पाहिलं का? आठवत नाही.”

ती जागेवर नव्हती. मी त्याच रकान्यात लिहिलं: “तुम्ही नाही दाजी. मी.” फक्त ‘जतन करा’ दाबायचं होतं. पण शेऱ्यातला प्रत्येक बदल मेलने सगळ्या विभागाला जातो. मी एकेक अक्षर मागे घेतलं आणि नियम नेहमीसारखा काढून टाकला.

त्यापेक्षा ताईलाच सांगू, असं स्वतःला बजावून घरी जाताना फोन लावला. ती नेमकी त्यांची वहीच आवरत होती. तिने एक पान वाचून दाखवलं. गॅस बंद केला. मीच केला. कुलूप लावलं. मीच लावलं. खालीही तेच, पानभर.

“घरात आधी असं काहीच नव्हतं रे,” ताई म्हणाली. “मला वाटायचं, त्या ऑफिसातल्या प्रकाराने त्यांनी हाय खाल्ली. खरं सांग, तुला तिथे आधीपासून जाणवलं होतं का, की ते विसरतात?”

इतकी उघडी वाट मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.

“थोडंफार,” मी म्हणालो.

तिने वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, बरं झालं सांगितलंस, आता मनाला समजावता येईल.

सोमवारी सकाळी सर्व्हर रूममध्ये गेलो. चौदाचा दिवा विझला होता. मी सुटलो असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. दुपारी मुद्दाम जागेवरच थांबलो. हात मांडीवर ठेवून स्क्रीनवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. एक वीस झाले.

मग एक पंचवीस झाले होते.

हात माउसवर होता.

यादीच्या सर्वांत वर नवा नियम होता. वेळ एक बावीस. शेरा रिकामा. टाकला होता माझ्या मशीनवरून, माझ्या लॉगिनने.

मी तो टाकलेला नव्हता. निदान मला तसं आठवत नव्हतं.

तपासनीस तिच्या टेबलाशी बसली होती, माझ्यापासून दोन हातांवर. मी विचारलं, “मी आत्ता काही टाकताना तू पाहिलंस का?”

तिने मान वर केली नाही.

“नाही सर. मी जेवायला गेले होते.”

तिच्या कोपराशी तिचा डबा होता. त्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.