वन्संचा कौल

या, जरा पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. कीर्तनात उत्तररंगाला बुवा आख्यान लावतात ना, तसं आज मी एक लावते. पुराणातलं नाही हं. डोंबिवली पूर्वेचं आहे, आणि अक्षरन् अक्षर खरं आहे.

जिच्यावर हे गुदरलं ती आसावरी. गेली अकरा वर्षं मठात माझ्या शेजारी बसून कीर्तन ऐकते. पदरचं घालून सांगणारी बाई नाही ती.

दिवसही सांगते. यंदाच्या एप्रिलचा तिसरा रविवार. दुपारचे चार. अशा गोष्टींना अमावास्येची रात्रच लागते असं वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. लख्ख ऊन होतं. कुकरमधला भात अजून कोमट होता.

आसावरीच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्यातली साडेसदतीस वर्षं घरात तिसरं माणूस होतं. तिच्या नवऱ्याची, अण्णांची, थोरली बहीण, मंदाकिनी. लग्न केलं नाही. शाळेत भूगोल शिकवायच्या. आसावरी त्यांना वन्सं म्हणायची. बाई हाताने कधी मारायची नाही, आवाज चढवायची नाही. काही मनाविरुद्ध झालं की लाकडी पट्टी टेबलावर दोनदा आपटायची.

टक्. टक्.

बस. घर गप्प.

आणि घरात काहीही ठरवायचं असलं की देवापुढे कौल. वाटीत दोन चिठ्ठ्या, एकीवर 'हो', एकीवर 'नको'. लिहायच्या वन्संनी, लाल शाईने. उचलायची आसावरीने.

कल्याणच्या कॉलेजातून संस्कृत शिकवायला बोलावणं आलं. चिठ्ठी निघाली... नको.

गाण्याच्या परीक्षेला बसायचं होतं... नको.

सलिलच्या पाठीवर दुसरं मूल हवं होतं...

नको.

देवाचीच इच्छा, म्हणून आसावरीने दर वेळी हात जोडले.

मागच्या ऑक्टोबरात वन्सं गेल्या. आणि एप्रिलमध्ये मुलाने, सलिलने, आईवडिलांची इटलीची तिकिटं काढली. तो आणि सून क्षिप्रा ठाण्याला राहतात. त्या रविवारी दोघं लॅपटॉप घेऊन आले. प्रश्न एकच होता, मुक्काम कुठे ठेवायचा.

"ग्रुप टूर नको हं आई," क्षिप्रा म्हणाली. "रोज पहाटे सहाला बॅगा बाहेर. अण्णांचे गुडघे बघा. तळ्याकाठचं एकच गाव धरा, तिथून रोज बोटीने जाऊन या. माझं मत वरेन्ना. कोमो तळ्यावर आहे. मिलानहून तासाभरात थेट गाडी, आणि गावाच्या खालीच बोटींचा धक्का."

"आणि पायऱ्या?" सलिल म्हणाला. "ते गाव म्हणजे जिनाच आहे अख्खा. त्यापेक्षा गार्डा तळ्यावरचं देसेन्झानो बघ. सपाट. व्हेनिसची गाडी तिथूनच जाते. आणि स्ट्रेसा पण वाईट नाही, समोर बेटं आहेत."

"स्ट्रेसा राहू दे रे, तू अजून घोळ घालू नकोस."

अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तळंच बघायचंय ना? ठाण्याला मासुंदा आहे. रिक्षाने पंधरा मिनिटं तुमच्याकडून. भेळ पण मिळते."

सगळे हसले. आसावरी हसली नाही. ती पडद्यावरचा वरेन्नाचा फोटो बघत होती. पिवळी-तांबडी घरं थेट पाण्यात उतरलेली. एक खिडकी. तिच्या मनात आलं, त्या खिडकीत बसून मी एक अख्खा दिवस कोणाला चहा करणार नाही.

तिचं ठरलं होतं, कळलं ना? नुसतं म्हणायचं होतं, वरेन्ना.

पण अडतीस वर्षांची सवय. तोंडातून गेलं, "देवालाच विचारू."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "अगं, वर्ष व्हायचंय अजून ताईचं. वर्षाच्या आत कौल लावत नाहीत."

"ट्रिप चालते आणि चिठ्ठी चालत नाही?" सलिलने चिडवलं. "क्षिप्रा, लिही गं."

क्षिप्राने निळ्या बॉलपेनने लिहिलं. एकीवर वरेन्ना, एकीवर देसेन्झानो. चौघांनी बघितलं. घड्या घातल्या, वाटीत टाकल्या, वाटी देवापुढे ठेवली. आसावरीने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली.

त्यांच्या खिडकीतल्या एसीवर कबुतरं असतात, दिवसभर घुमतात.

त्यांचं घुमणं थांबलं.

आसावरीने घडी उघडली...

नको.

लाल शाई. 'को'ची मात्रा लांबवर ओढलेली.

"अण्णा, काय हे!" सलिल म्हणाला. "कधी बदललीत?"

अण्णांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. ते जागचे हललेच नव्हते.

क्षिप्राने वाटीतली दुसरी उघडली.

नको.

आणि मग आतल्या खोलीतून... सहा महिने कुलूप असलेल्या वन्संच्या खोलीतून...

टक्. टक्.

सलिलने कुलूप काढून बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर धुळीचा थर होता, आणि त्या थरात पट्टीएवढी एक स्वच्छ रेघ होती.

पट्टी मात्र तिथे नव्हती.

मुलं संध्याकाळी ठाण्याला गेली. जाताना क्षिप्रा म्हणाली, "आई, आमच्याकडे चला चार दिवस." आसावरी म्हणाली, "घर माझंही आहे." असं ती पहिल्यांदाच म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा झोपल्यावर ती त्या खोलीत गेली. कपाटात वन्संचा मोठा नकाशासंग्रह होता, शाळेतून निवृत्त होताना मिळालेला. तिला वरेन्ना नकाशात बघायचं होतं, एवढंच.

तिने इटलीचं पान उघडलं.

पानावर तळी नव्हती.

कोमो, गार्डा, सगळ्या निळ्या जागा ब्लेडने खरवडून काढलेल्या. कागद पार विरलेला, पलीकडचा उजेड दिसत होता. आणि दोन पानांच्या बेचक्यात निळा भुगा साचलेला होता.

भुगा ताजा होता. बोटाला लागला.

कपाटात नकाशासंग्रहाच्या मागे पावडरचा एक पत्र्याचा डबा होता. तिने झाकण काढलं. आत चिठ्ठ्या. जुन्या, पिवळ्या पडलेल्या, दोन-दोन दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येक जोडीवर वरून बारीक अक्षरात नोंद होती. 'कॉलेज.' 'गाणं.' 'दुसरं मूल.'

आसावरीने तिसरी जोडी सोडली.

एकीवर नको.

दुसरीवरही नको.

ती तिथेच फरशीवर बसली. किती वेळ, तिला सांगता येत नाही. मग अण्णा दारात दिसले.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

अण्णा डब्याकडे बघत राहिले.

"अहो, मी विचारतेय. तुम्हाला माहीत होतं?"

"तेवढ्यावर घरात शांतता राहायची गं," अण्णा म्हणाले. "ताईला नाही म्हणणं मला लहानपणापासून कधी जमलं नाही."

मला विचाराल तर त्या घरातलं सगळ्यात भयंकर वाक्य हेच. पण ऐका, पुढे अजून आहे.

बुधवारी सकाळी क्षिप्राचा फोन आला. "आई, वरेन्नाची खोली मिळतेय. तळ्याकडची खिडकी. करू बुक?"

"कर," आसावरी म्हणाली.

पलीकडे कीबोर्ड वाजायचा थांबला.

"आई... घरात कोण आहे?"

"मी एकटीच. अण्णा बँकेत गेलेत."

"तुम्ही 'कर' म्हणालात. तुमच्या मागोमाग कोणीतरी 'नको' म्हणालं. अगदी फोनला तोंड लावून."

आसावरीला काहीच ऐकू आलं नव्हतं. फक्त उजव्या गालाला गार वारा लागला. पंखा बंद होता.

त्या गुरुवारी मठात विठ्ठलवाडीचे बुवा होते. आरती झाली, तबक फिरलं, आणि आसावरी त्यांच्यापुढे जाऊन बसली. मी तिच्या मागेच होते. तिने सगळं सांगितलं. बुवांनी झांजा पिशवीत ठेवल्या. ते हसले नाहीत.

"कौल कोणापुढे लावलात?"

"देवापुढे."

"देवाला हाक मारलीत, पण वर्षाच्या आत घरात जे घुटमळत असतं ते देवापेक्षा जवळ असतं, माउली. त्यांनी आधी ऐकलं. आता विचारू नका. ज्याला विचारतो त्याला उत्तर द्यायचा हक्क मिळतो. सांगा. जाते म्हणून सांगा आणि निघा."

ती उठायला लागली, तेव्हा बुवांनी हळूच विचारलं, "त्यांना स्वतःला काय हवं होतं? कधी कोणी विचारलं होतं का?"

आसावरी परत खाली बसली.

शुक्रवारी भर दुपारी तिने वन्संच्या फोटोपुढे उभं राहून सांगितलं. हात जोडले नाहीत.

"वन्सं, मी विचारत नाहीये. तुम्ही माझी नोकरी घेतलीत, गाणं घेतलंत. पोटचं घेतलंत. आता हे नाही. मी वरेन्नाला जातेय."

ती पट्टीची वाट बघत राहिली.

काही नाही.

थोड्या वेळाने एसीवर कबुतरं घुमायला लागली.

त्यानंतरचा महिना काय सांगू तुम्हाला! आमची आसावरी उंच दिसायला लागली. पांढरे बूट घेतले, जिमखान्याच्या मैदानाला रोज चार फेऱ्या. मठात पेढे वाटले. आमच्यातली देवयानी म्हणाली, "काय गं, परत येणार ना? की तिकडेच कोणी बुवा बघणार?" तर ही म्हणते, "बघेन आणि कळवेन!" इतकी हसली की टाळ हातातून पडले.

मला वाटलं, सुटली.

गेल्या शनिवारी दोघं निघाली. रविवारी मिलानहून मठाच्या ग्रुपवर फोटो आला, पांढऱ्या बुटांचा. सोमवारी तिथल्या सकाळी वरेन्नाची गाडी होती. क्षिप्राने फाइलमध्ये स्टेशनांची यादी छापून दिली होती, वरेन्नाखाली ठळक रेघ मारून. आपल्याकडे दुपारी पावणेचारला आसावरीचा मेसेज आला. तसाच्या तसा सांगते.

"वरेन्ना आलं होतं. खिडकीतून तळं दिसलं. फार सुंदर. पण उतरलो नाही. वन्संना पसंत नव्हतं."

मी दोनदा वाचलं. क्षिप्राला फोन लावला. ती रडत होती. तिने आधीच अण्णांना फोन केला होता, आणि अण्णांनी उचलला होता.

"अण्णा, कुठे आहात तुम्ही?"

"गाडीत. निवांत बसलोय," अण्णा म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. दुपारच्या चहाला बसल्यासारखा. "डोंगर लागलेत आता. ताई सांगेल तिथे उतरू."

"अण्णा, काय बोलताय! आईंना द्या."

"ती इथेच आहे. मधल्या सीटवर."

"मधल्या?"

"आमच्या दोघांच्या मध्ये."

"द्या ना फोन त्यांना!"

थोडा वेळ नुसता रुळांचा आवाज. मग अण्णा हलक्या आवाजात म्हणाले,

"ती बोलायला बघतेय गं. पण ताई नको म्हणतेय."

फोन बंद झाला. तो अजून बंद आहे.

ती गाडी जिथे संपते त्या गावात फोनवरून विचारून झालं, मधल्या प्रत्येक स्टेशनवर विचारून झालं. अशी दोन म्हातारी माणसं कोणी उतरताना पाहिली नाहीत. बॅगाही सापडलेल्या नाहीत. सलिल काल रात्रीच्या विमानाने गेला. आज गुरुवार.

बुवांना फोन केला. एवढंच म्हणाले, "तिच्या नावाने हाक मारत राहा."

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. मला यातलं काही उलगडत नाही, आणि सोमवारपासून मी घरात एकटी बसू शकत नाही. पण आज दिवा लावाल तेव्हा माझ्या मैत्रिणीची आठवण ठेवा. अण्णांची बायको, सलिलची आई असं नाही. नाव घ्या. आसावरी. आणि नुसतं 'ये' म्हणा.

येतेस का, असं विचारू मात्र नका.