टाकीतला वाळा

जुहूच्या चौपाटीमागच्या रस्त्यावर अबोलीला ती गाडी दिसली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पांढरी कॅम्पर. आत झोपायची, रांधायची, आंघोळीची सगळी सोय. मागे पाणी भरायच्या तोंडाशी अबोलीचाच निळा स्टिकर – 'टाकी साफ केली : अबोली, गोरेगाव'. दोन दिवसांपूर्वी ही गाडी भाड्यानं नेलेल्या बोरिवलीच्या एका कुटुंबानं याच स्टिकरचा फोटो सगळीकडे पसरवला होता. नळाला कुजकट वास, पोरांची पोटं बिघडली, या बाईकडून टाकी साफ करून घेऊ नका! फोटो फिरत फिरत नंदकिशोरशेठपर्यंत पोचला. शेठच्या बारा व्हॅनिटी व्हॅन शूटिंगला लागत आणि त्यांच्या टाक्यांचं वर्षभराचं काम अबोलीला मिळणार, हे जवळजवळ ठरलं होतं. आता शेठ म्हणाले, "सोमवारी येतो, तेव्हा बघू." त्या 'बघू'चा अर्थ न कळायला अबोली काही दूधखुळी नव्हती.

हातातली भेळ तशीच कचऱ्याच्या डब्यात गेली. तिनं गाडीचं दार बडवलं.

दार उघडलं एका तरुणानं. गळ्यात टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, डोळे घट्ट मिटलेले.

"तुम्ही मालक?"

"हो, सिद्धेश. पण आत्ता... नळच बंद पडलाय हो मध्येच. तुम्हाला पंपातलं काही कळतं का?"

"मला कळतं का? अरे, तुझ्या गाडीवर नाव कोणाचं आहे? माझं! ड्रायव्हरबरोबर गाडी पाठवलीस, मी घासून पुसून परत दिली. नंतर टाकीत काय कालवलंस तू?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, दोघांनाही कळलं नाही.

"सांगतो ना, पण डोळे झोंबतायत यार..."

अबोलीनं पर्समधली पाण्याची बाटली काढली. "वाक!"

तो मुकाट वाकला. तिनं रागारागानं सगळी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. मग त्यानं डोळे उघडले. लाल झालेले, ओल्या पापण्यांचे... अबोलीनं उगाचच टायरकडे पाहिलं. अशा वेळी माणसाला टायरच बरा वाटतो.

तासाभरात गाडी गोरेगावला तिच्या शेडमध्ये उभी होती. पंपाची जाळी उघडली तर तपकिरी दोऱ्यांचा गुंता. टाकीचं झाकण काढून तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली, बुळबुळीत, कुजलेली जुडी बाहेर काढली.

"हे काय आहे?"

"वाळा."

"ते दिसतंय मला! टाकीत काय करतोय?"

"आई माठात घालते ना... पाणी कसं झकास लागतं."

"तुझी आई माठ रोज विसळते! वाळा काढून उन्हात वाळवते! आणि ही टाकी किती दिवस बंद होती?"

"दोन महिने," सिद्धेश पुटपुटला. "नंतर एकदम त्या बोरिवलीवाल्यांनाच दिली."

"दोन महिने उन्हात! वाळा नाही राहिला रे हा, खत झालंय!"

त्यानं मान खाली घातली. "आईसाठी घातला होता. मुलुंडहून थेट देवगडला न्यायचं होतं तिला. एक घोट घेऊन म्हणाली, 'पाण्याक प्लास्टिकचो वास येता, माका नको.' गाडीत पाऊल टाकेना. म्हटलं, वाळ्याचा वास आला तर येईल... तरी नाही आली. गाडी तशीच उभी राहिली."

अबोलीला आणखी ओरडायचं होतं. तिनं त्याच्या हातात ब्रश दिला. "घास. कोपरे आधी."

त्यानं घासलं. तिनं क्लोरीनचं पाणी भरलं, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडला आणि बंद केला. आता चार तास थांबायचं, मग दोनदा चांगल्या पाण्यानं धुवायचं. तेवढ्यात टेप काढून ती गाडीतली बेसिनशेजारची जागा मोजू लागली.

"काय करतेस?"

"तुला काय करायचंय?"

समोरच्या टपरीवरून तो दोन चहा घेऊन आला. "टाकी साफ झाली हे कळतं कसं तुला?"

"पहिला ग्लास मी पिते, गिऱ्हाइकासमोर. जे मी पिणार नाही, ते दुसऱ्याला पाजणार नाही."

"माझ्या गाडीचाही प्यायली होतीस?"

"प्यायले होते!" तिचा आवाज एकदम फाटला. "चांगलं काम केलं होतं मी. त्याचाच तर राग येतोय..."

त्यानं चहा खाली ठेवला. "मी सांगतो सगळ्यांना. चूक माझी होती म्हणून."

"सगळे सांगतात असंच."

रविवार उजाडला, मावळला. त्याचा फोन नाही. अबोलीनं मोबाइल सतरा वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी स्वतःवरच चिडली. चिडून करवत हाती घेतली, लाकूड कापलं, घासलं. शेडभर भुसा झाला.

सोमवारी शेठ आले ते मोबाइल पुढे धरूनच. पडद्यावर सिद्धेश होता, हातात ती कुजकी जुडी धरून. खाली लिहिलं होतं – 'टाकी स्वच्छच होती. वाळा मी घातला. चूक माझी. त्या मुलांची माफी मागायला काल घरी जाऊन आलो.'

"याची तीन बुकिंग रद्द झाली म्हणे," शेठ म्हणाले. तेवढ्यात पांढरी कॅम्पर शेडमध्ये शिरली.

अबोली गाडीत चढली, नळ सोडला, ग्लास भरला. ओठांशी नेणार, तोच सिद्धेशनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"गाडी माझी, घाण माझी. आज पहिला ग्लास माझा."

तिच्याकडे बघत बघत त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. शेठनी स्वतःसाठी दुसरा मागून घेतला, चूळ भरल्यासारखं घोळवून ते प्यायले. "गुरुवारपासून बाराही गाड्या पाठवतो," म्हणाले आणि निघून गेले.

शेठची पाठ वळताच अबोली उसळली. "फोन का नाही केलास?"

"सगळे सांगतात म्हणालीस ना? म्हणून आधी केलं."

ती अजूनच चिडली. कोपऱ्यातून एक लाकडी चौकट ओढत आणून तिनं बेसिनशेजारी दणकन बसवली. मधोमध गोल भोक, बाजूला धरून ठेवायचा पट्टा. त्यात बरोब्बर बसला – नवाकोरा माठ.

"आईंचा वाळा यात घाल. टाकीत नाही!"

सिद्धेशनं लाकडावरून हळूच बोट फिरवलं. "कधी केलंस हे?"

"काल. रागात."

"रागात इतकं गुळगुळीत?"

"गप्प बस! आणि माठ रोज विसळायचा."

"विसळीन."

"तुझ्यावर काडीचा विश्वास नाही माझा. मी बघायला येणार."

"रोज?"

"रोज!" ती ओरडली... आणि आपण काय बोललो ते कळून कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

तो हसला नाही. जवळ आला, तिच्या केसांतला भुसा अलगद काढला. "मग देवगडलाही यावं लागेल," तो म्हणाला. "आई असेल बरोबर."

"येईन की," अबोली अजून रागातच होती. "पण पहिला ग्लास त्यांचा."