माईंची गुंडी

दिवे गेलेत ते आता लवकर येत नाहीत. बसा जवळ सरकून. कंदील तिकडं कोनाड्यात ठेवा, डोळ्यांवर नको. भूत बघितलंय का म्हणून मघापासून विचारताय, तर मी स्वतः काही बघितलेलं नाही. पण आमच्या जुन्या बुधवार पेठेत नबीलाल होता, त्याच्या बाबतीत जे घडलं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. आणि नबीलाल खोटं बोलणारा माणूस नव्हता. मुळात तो बोलणाराच माणूस नव्हता.

पंचाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. जानेवारीची दोन तारीख, मार्गशीर्षातला गुरुवार. दिवस मावळायला नबीलाल हातात छोटी किटली घेऊन गंगावेशीकडं निघाला होता, शेळीचं दूध आणायला. खरं तर त्या रात्री त्याला वरातीत असायला पाहिजे होतं. तो लग्नाच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवायचा. बँडचा मालक आकाराम दुपारीच सांगून गेला होता, की शुक्रवार पेठेत मोठ्या घरची वरात आहे, वेळेवर ये. नबीलालनं नाही म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आकारामनं कारण विचारलं, तर म्हणाला, कुत्री आजारी हाय. आकारामला वाटलं थट्टा करतोय. मग त्यानं नबीलालच्या तोंडाकडं बघितलं आणि सायकलवर टांग टाकली.

कुत्री म्हणजे गुंडी. जेमतेम मांजराएवढी. आई गल्लीतलीच, बाप कुण्या बंगल्यातला झुपकेदार पांढरा कुत्रा असावा. त्यामुळं अंग गावठी, तांबूस आखूड केसांचं, आणि शेपूट मात्र साहेबाच्या घरचं. एक कान उभा, एक पडलेला. नाकाचा शेंडा काळा आणि गोल, सदऱ्याच्या गुंडीसारखा. म्हणून नाव गुंडी. हे नाव ठेवलं माईंनी, आणि ती होतीही माईंचीच.

माई नबीलालच्या समोरच्या घरात राहायच्या. दोन खोल्यांचं कौलारू घर. मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, मागंपुढं एक पुतण्या, तोही पुण्यात. नबीलालचंही तसंच. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. बहीण सलिमा मुरगूडला दिलेली, ती ईदेला येऊन जायची. बाकी वर्षभर गल्लीच्या या अंगाला एक एकटं माणूस आणि त्या अंगाला एक. मधे हातभर गटार आणि फरशी. दहा वर्षांत दोघांचं बोलणं झालं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

बोलणं सुरू झालं ते गुंडीमुळं. नबीलाल दुपारी दार पुढं करून सराव करायचा. सूर वर चढला की समोरून गुंडी मान वर करून गळा काढायची. एक दिवस माई तावातावानं दारात आल्या. नबीलालला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. माई म्हणाल्या, एक तर दार नीट लावून घ्या, नाही तर तिला सुरात रडायला शिकवा. नबीलाल हसला. त्याला हसताना गल्लीनं बघितलं ते तेव्हाच.

मग गुंडी दुपारची त्याच्या पायरीवर येऊन बसायला लागली. त्याचं वाजवणं संपेस्तवर बसायची. संध्याकाळ झाली की माई त्यांच्या दारातून पितळीच्या काठावर चमच्यानं दोन ठोके द्यायच्या. टण, टण. नावानं हाक कधीच नाही. दुसरा ठोका पडायच्या आत गुंडी गटार ओलांडून घरात. पितळीत दूधभात असायचा.

दिवाळीनंतर माईंचं दुखणं निघालं. पुतण्या आला, टांगा आणला. टांग्यात बसवताना माईंनी नबीलालला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "नबीभाई, गुंडीला ठेवून घ्या. मी तिला न्यायला येईन."

नबीलाल व्हय म्हणाला.

माई दवाखान्यातून परत आल्या नाहीत. नबीलाल पंचगंगेच्या घाटापर्यंत गेला होता, लोकांच्या मागं, टोपी घालून उभा होता. दिवस झाल्यावर पुतण्यानं घराला कुलूप घातलं. कुत्रीचं त्यानं विचारलं नाही, नबीलालनंही विषय काढला नाही. मनातून त्याला धास्ती होती, की हा माणूस गुंडीला मागतो की काय.

पहिल्यांदा त्यानं तिचं पोतं पायरीवरच टाकलं होतं. घरात नमाज पढायची, कुत्रं आत कसं घ्यायचं. पण थंडी वाढली, तशी गुंडी रात्रभर समोरच्या बंद दाराला टेकून कुडकुडत बसायची. तेव्हा त्यानं नमाजाचा कोपरा धुऊन पुसून वेगळा केला आणि पोतं चुलीच्या बाजूला आत ओढलं. सलिमाला काय सांगायचं ते पुढं बघता येईल, असं त्यानं ठरवलं.

गुंडी आत आली, पण खाईना. भाकरी दुधात कुस्करून दिली, नाही. मटणाचं पाणी दिलं, हुंगून तोंड फिरवलं. जनावरांच्या डॉक्टरनं पूड दिली, ती बोटानं जिभेला लावायची. अंग वाळत चाललं. त्या गुरुवारपर्यंत तिला उठून उभंही राहता येईना. डॉक्टरनं शेवटचा उपाय म्हणून शेळीचं दूध सांगितलं होतं, त्यासाठी तो निघाला होता.

दूध घेऊन आला, कोमट केलं, वाटी तिच्या नाकापाशी ठेवली. गुंडीनं डोळे उघडले आणि मिटले. नबीलाल तिथंच जमिनीवर बसला. क्लॅरिओनेट पेटीतून काढून बघितलं, परत ठेवलं. लांबून शुक्रवारातल्या वरातीचा आवाज येत होता. त्याच्या जागी दुसरं कुणीतरी वाजवत होतं आणि चुकत होतं. हळूहळू तोही आवाज थांबला. घराघरातली दारं लागली. नदीकडनं धुकं वर चढलं. उशिराचा चंद्र होता, पण उजेड कसा, ताकासारखा... पांढरट आणि पातळ.

नबीलालचा डोळा लागला असावा.

जाग आली ती पोत्यावरच्या आवाजानं. थप्... थप्... थप्.

गुंडी शेपूट हलवत होती.

डोळे उघडे. पडलेला कानसुद्धा उभा. ती दाराकडं बघत होती. नबीलालला आधी बरंच वाटलं. म्हणाला, काय गं, भूक लागली व्हय? वाटी पुढं सरकवली. तिनं वाटीकडं बघितलंसुद्धा नाही.

मग त्याला ऐकू आलं.

टण... टण.

बारीक आवाज. लांबून आल्यासारखा. त्याला वाटलं, कुणाच्या घरात भांडं पडलं असेल. तो थांबला. कान देऊन बसला. गल्लीत एकही कुत्रं भुंकत नव्हतं.

टण... टण.

समोरून. कुलूप घातलेल्या घरातून.

नबीलालनं तोंडातल्या तोंडात कलमा म्हटला. गुंडी पुढच्या पायांवर उठली. मग मागच्या. दोन दिवस जिला मान उचलता येत नव्हती, ती उठून उभी राहिली.

पुढचे ठोके गल्लीत वाजले. गटाराच्या अलीकडं.

त्याच्यापुढचे...

दाराच्या पलीकडं. अगदी पलीकडं. मधे फक्त फळी.

गुंडी दाराशी गेली. नाकानं फट हुंगली. वळून नबीलालकडं बघितलं. भुंकली नाही, ओरडली नाही. नुसती बघत राहिली, उघड म्हणून.

तो मला सांगायचा, की पळून जावंसं वाटलं, पण पळायला दुसरं दारच नव्हतं. एकच खोली, एकच दार. परत म्हणायचा, ते खरं कारण न्हाय. त्या कुत्रीच्या डोळ्यांत मी एवढा आनंद बघितला, की मला कडी काढावीच लागली.

त्यानं कडी काढली.

बाहेर कोणी नव्हतं.

धुकं. ओली फरशी. समोरचं दार, त्याच्यावरचं कुलूप.

गुंडी त्याच्या पायांजवळून पायरी उतरली. गल्लीच्या मधोमध जाऊन थांबली. बंद दाराकडं नाही बघितलं तिनं. मान वर करून बघत होती, उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी. शेपूट हलत होतं. तिच्यासमोर काही नव्हतं. आणि नबीलालच्या डोळ्यांदेखत तिच्या डोक्यावरचे केस दबले. कपाळापासून मानेपर्यंत. सावकाश. उभा कान आडवा झाला... परत उभा राहिला. परत केस दबले.

कुणीतरी हात फिरवत होतं.

सबंध मिरवणूक एका दमात वाजवणारा माणूस, पण छातीत वारं उरलं नव्हतं. मग तो म्हणाला,

"माई..."

शेपूट थांबलं.

"माई, तुम्ही ठेवायला दिलतं. मी ठेवलं. न्यायची असली तर न्या, तुमचीच हाय ती. मी आडवा येणार न्हाय."

काही नाही. धुकं तसंच.

"पर तिकडं तिला... तिकडं काय असतंय मला ठाव न्हाय. हितं चूल हाय. आन् मला..."

गुंडीनं एकदा वर बघितलं, एकदा नबीलालकडं. परत वर. मग तिनं पाऊल उचललं. कुणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवत चालावं, तशी ती अगदी हळू समोरच्या घराकडं गेली. गटार ओलांडलं. धुक्यात तिची पांढरी शेपटी तेवढी दिसत होती. मग तीही दिसेना.

हाक मारावी असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं मारली नाही. दुसऱ्याची ठेव परत करताना हात आखडायचा नसतो, असं त्याच्या मनात आलं म्हणे. तो उंबऱ्यावर बसला. दार उघडंच ठेवलं. चौकटीच्या एका अंगाला पाठ, दुसऱ्या अंगाला पाय. घोंगडी आतच होती, पण ती घ्यायलाही उठला नाही. न जाणो, तेवढ्यात ती परत यायची आणि दारात कुणी नसायचं.

तसाच बसला. अंगणं झाडायची वेळ व्हायच्या आधी कधीतरी त्याची मान कलली.

पुढचं विचाराल तर गुंडी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. चांगली गोल झाली. दुपारी नबीलालच्या सुरात सूर मिसळून रडायची, आणि तो तिला रागवायचा. वरातीला जाताना आकारामच्या हातगाडीवर ढोलाशेजारी बसून जायची. सलिमा मुरगुडाहून आली तेव्हा दोन दिवस तोंड फुगवून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिनंच तिला भाकरी घातली. त्या घराच्या कुलपाकडं गुंडीनं परत कधी वळून बघितलं नाही. नबीलालची खोलीच तिचं घर झालं. म्हातारी होऊन त्याच्या पायाशीच गेली.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

नबीलालला हलवून उठवलं ते बायडाबाईनं. ती शेजारची, नळाला चालली होती. उंबऱ्यात माणूस आडवा बघून तिला वाटलं, संपला. हा डोळे चोळत उठला आणि पहिल्यांदा समोर बघितलं. बंद दार. कुलूप. पायरीवर गुंडी नव्हती. त्याचं तोंड उतरलं.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागं, खोलीत, लपलप आवाज झाला.

गुंडी आत होती. पोत्याजवळ उभी राहून वाटीतलं दूध पीत होती. त्याला ओलांडून ती कधी आत गेली, त्याला कळलं नव्हतं. तो गुडघ्यांवरच तिच्याकडं गेला. बायडाबाई घागर खाली ठेवून दारातून वाकून बघायला लागली. कुत्रीकडं बघून हसली. मग तिची नजर पोत्यावर गेली आणि हसू गेलं.

"नबीभाई," ती हळूच म्हणाली, "रातच्याला घरात कोण बाईमाणूस आलतं?"

नबीलालनं नाही म्हणून मान हलवली.

"मग ही वटी कुणी भरली?"

पोत्यावर, गुंडीनं रात्रभर अंग मुडपून झोपावं एवढी खळी पडली होती. तिच्याशेजारी ओंजळभर तांदूळ. त्यावर हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. लेक सासरी पाठवताना आई ओटी भरते, तसं सगळं. उंबऱ्यात नबीलाल आडवा होता आणि आत जायला दुसरी वाट नव्हती. तांदळाचा एक दाणाही पोत्याबाहेर सांडलेला नव्हता.